चौथीतली पोरं, दोन टॅब आणि ‘वाघर’

खडूचा_डबा | २४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

माण तालुक्यातल्या एका वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझा पट अकरा, त्यातली सात पोरं धनगरांची. दिवाळी झाली की घरची कर्ती माणसं मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पोरं आजी-आज्याजवळ राहतात.

रडगाणं जुनंच आहे. पोरं बोलायला लागली की गप्प करावं लागतं आणि वही पुढे ठेवली की पेन्सिलला टोक करायला उठतात. ‘माझा आवडता प्राणी’ म्हटलं की अकराच्या अकरा वह्यांत गाय. ‘गाय हा पाळीव प्राणी आहे. गायीला चार पाय असतात.’ अहो, सात घरांत मेंढरं आहेत, गाय त्यातल्या एकाच्याही दारात नाही!

आता मुद्द्यावर येतो. चौथीतला एक पोरगा (त्याला इथे सोन्या म्हणू) दिवाळीच्या सुट्टीत बापाबरोबर वाड्यावर (म्हणजे मेंढरांच्या तळावर) होता. शाळा उघडली त्या दिवशी परिपाठ संपायच्या आत त्याने सगळ्यांना लांडग्याची गोष्ट सांगितली. रात्री लांडगा आला, कुत्री भुंकली, वाघर उचकटून आत शिरला, कोकरं नेली. दहा मिनिटं. हातवारे, कुत्र्यांचे आवाज, बापाने हासडलेली शिवी (ती मला ऐकू आली नाही). म्हटलं, बाळा, हेच लिही. पाऊण तासाने वहीत तीन ओळी होत्या:

‘मी सुट्टीत गावाला गेलो. तेथे लांडगा आला. मला खूप मजा आली.’

मजा!

मग टॅब काढला. गावातल्या गलाईवाल्या (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातल्या) मंडळींनी वर्गणी काढून दोन टॅब दिलेत, आजवर त्यावर कवितांचे व्हिडिओ बघायचो. मराठी कळफलक टाकला, माइकचं चिन्ह दाखवलं आणि म्हटलं, आता ह्याला सांग. गूगलवर मराठीत बोलून टाइप करायची सोय २०१७ पासून आहे, मी स्वतः व्हॉट्सॲपवर रोज वापरतो, वर्गात न्यायची अक्कल आत्ता आली. रेंज फक्त खिडकीत येते, त्यामुळे सगळा प्रकार खिडकीच्या कट्ट्यावर.

उमटलं ते साधारण असं: ‘रात्री आम्ही झोपलो होतो वाघ लावली होती कुत्री भुंकायला लागली बा उठला बॅटरी लावली लांडगा वाघात शिरला होता’

सोन्याने बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘गुर्जी, ह्याला वाघर म्हाईत न्हाई.’

आणि बसला दुरुस्त करत. पाच ठिकाणी ‘वाघ’चं ‘वाघर’ केलं. जो पोरगा वहीत एक ओळ परत लिहायला तयार नसतो, तो मधली सुट्टी झाली तरी कट्ट्यावरून उतरला नाही. एके ठिकाणी तो ‘गेल्तो’ म्हणाला होता, टॅबने ‘गेलो होतो’ केलं होतं. त्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, ‘आसं मी न्हाय म्हटलो.’ मग विचारलं, ठेवू का बदलू? मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगतो म्हटलं. ते उद्या अजून उजाडलेलं नाही, म्हणून हा धागा.

दुसरी गोष्ट पूर्णविरामाची. आमच्या टॅबवर बोलून लिहिलं की टिंब, स्वल्पविराम काही येत नाही. तिसरीतल्या एकीला ते मोठ्याने वाचायला दिलं. ती एका दमात सुटली आणि ‘बॅटरी लावली लांडगा’पाशी तिला ठसका लागला. वर्ग हसला. मग पोरांनीच ठरवलं की जिथे दम घ्यावा लागतो तिथे टिंब. ‘वाक्य पूर्ण झाल्यावर पूर्णविराम द्यावा’ हे मी किती वर्षं फळ्यावर लिहितोय. वाक्य पूर्ण कधी होतं हे त्यांना कळत नव्हतं, ते त्या दिवशी ठसक्याने कळलं.

तर, ह्याला लेखन म्हणायचं का? ‘गेल्तो’चं काय करायचं? आणि नेट नसताना चालेल असं काही कोणी वर्गात वापरत असेल तर सांगा.

निवांत_काकू | २४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

‘मला खूप मजा आली’ वाचून हसले आणि मग वाईट वाटलं. आमच्या पिढीलाही सहलीच्या निबंधाचं हेच शेवटचं वाक्य होतं. वाचतेय. वाघर म्हणजे नक्की काय हो?

खडूचा_डबा | २४ नोव्हेंबर, रात्री १०.२२

काकू, रात्री मेंढरं कोंडायला खुंट्या रोवून भोवती जाळी लावतात, ती.

बोरूबहाद्दर | २५ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

गुरुजी, कळकळ पोचली. पण छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

बोलणं निराळं, लिहिणं निराळं. लिहिताना हात मंद चालतो आणि तेवढ्यात डोकं पुढचं वाक्य जुळवतं. तो मंदपणा काढून घेतलात तर उरतं ते ध्वनिमुद्रण. पाटीवर पेन्सिल घासल्याशिवाय ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ बोटांत उतरत नाहीत. स्वीडनसारख्या पैसेवाल्या देशाने २०२३मध्ये शाळांत छापील पुस्तकं आणि हाताने लिहिणं परत आणायचं ठरवलं, आणि आपण ते जिथून परत फिरले तिकडे निघालोय.

‘गेल्तो’ला लाल शाई. प्रेमाने, पण लाल शाईच. ह्या पोराला उद्या तालुक्याच्या कॉलेजात जायचं आहे, अर्ज लिहायचा आहे. तिथे ‘गेल्तो’ लिहिलं तर हसतील ते त्याला, आपल्याला नाही.

टंकिका | २५ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

सर, लाल शाई जरा जपून :)

गुरुजी, माझं पोट अक्षरांवर चालतं (मुद्रणपूर्व काम), म्हणून त्या बाजूने. आधी टॅबवरचा फॉन्ट बघा. बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ल असतो, टॅबवर बहुतेक हिंदी वळणाचा दांडीवाला ल दिसत असेल. श चंही तेच. आपल्याकडे वर्णांची वळणं ठरवून देणारा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ चा आहे, पण टॅब तो वाचून बाजारात येत नाही. मोठ्यांना फरक जाणवत नाही, तिसरीतलं मूल मात्र अडखळतं आणि आपल्याला वाटतं की वाचन कच्चं आहे. छापायची वेळ येईल तेव्हा राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ किंवा मराठी वळणाचा दुसरा एखादा फॉन्ट घ्या.

दुसरं, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. बोलून टाइप करताना यंत्र कुठला र्य देईल ते तपासा. डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र होतो. हाताने टाइप करायचं तर साधा र नाही, नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घ्यायचा, त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मग य. मुलांना एकदा दाखवलं की त्यांना ती जादू वाटते.

आल्याचा_चहा | २५ नोव्हेंबर, दुपारी १.१०

वेगळ्या टोकाचा अनुभव. माझी लेक सहावीत, सेमी-इंग्रजी, शहरात. ‘माझी आजी’ निबंध होता. बाईसाहेबांनी एआयकडून लिहून घेतला. ‘माझी आजी म्हणजे मायेचा सागर. तिच्या सुरकुत्यांमध्ये अनुभवांचा खजिना दडलेला आहे. संध्याकाळी ती आम्हां नातवंडांना गोष्टी सांगते.’

माझ्या सासूबाई एकसष्ट वर्षांच्या, बँकेतून निवृत्त, संध्याकाळी त्यांचा ब्रिजचा क्लब. त्यांच्या हाती ती वही लागली. त्यांनी लाल पेन घेऊन समासात लिहिलं: ‘सुरकुत्या कुठे दिसल्या? मी गोष्टी सांगत नाही, शब्दकोडं सोडवते आणि कुणी मध्ये बोललं तर चिडते. नातवंडं कुठली, तू एकटीच आहेस.’ अशा चौदा नोंदी. लेकीने शेवटी त्या नोंदींचाच निबंध केला. वर्गात वाचून दाखवायला सांगितला म्हणे.

आमच्या वेळी गाइडमधून उतरवायचो, तेव्हाही आजी हीच होती. फक्त उतरवायला अर्धा तास लागायचा.

खडूचा_डबा | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४५

समासातल्या चौदा नोंदी! आजींना नमस्कार सांगा.

बोरूबहाद्दर सर, राग कसला. पण एक खुलासा करतो. टॅबवर झालं की पोरं ते वहीत हाताने उतरवतात. पाटी-पेन्सिल सुटलेली नाही. टॅब फक्त कच्च्या खर्ड्यापुरता. मला फरक दिसला तो खोडण्यात. वहीत खोडलं की कागद काळा होतो, खोडरबराने भोक पडतं, घरी आजी म्हणते वही नासली, आणि वर आमची लाल शाई. म्हणून पोरगं चुकणारच नाही असं वाक्य लिहितं. चुकणार नाही असं वाक्य म्हणजे गाय. टॅबवर खोडल्याचा डाग राहत नाही. काल एकीने तिच्या बकरीच्या गोष्टीची सुरुवात चार वेळा बदलली. मी सांगितलं नव्हतं.

टंकिका ताई, ल बघितला. दांडीवालाच आहे. आणि माझ्या वर्गातला एकजण तो वाचताना खरंच अडखळतो, मी त्याला महिनाभर ‘ल’ गिरवायला लावलाय. लाज वाटली.

जव्हारची_वाट | २५ नोव्हेंबर, रात्री ८.५०

माझ्याकडे पहिली-दुसरी, बहुतेक मुलं घरी वारली बोलणारी. इथे बोलून-टायपिंग निरुपयोगी. यंत्राला वारली येत नाही, ते ओढूनताणून मराठी शब्द बसवतं आणि मूल गप्प होतं. तुमच्या सोन्याला ‘ह्याला माहीत नाही’ असं वाटलं, माझ्या मुलीला ‘मला बोलता येत नाही’ असं वाटलं. वयाचाही फरक असेल.

आम्ही फोनचा साधा रेकॉर्डर वापरतो. नेट लागत नाही. मूल सांगतं, मग आम्ही ते थांबवत थांबवत परत ऐकतो आणि मी तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते. ती मला चुका दाखवते. ‘बाई, मी असं नाय बोलले, मागं घ्या.’ ते मागे घेऊन ऐकणं म्हणजे आमचा निम्मा तास. मग त्या चार ओळी कार्डावर, आणि तेच तिचं आठवड्याचं वाचन.

नेटशिवायचं विचारलंत म्हणून: प्रथम बुक्सचं स्टोरीव्हीवर हे गोष्टींचं संकेतस्थळ. २०१५ पासून आहे, फुकट आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत. घरी उतरवून ठेवायच्या. मी नुसती चित्रं दाखवते, मजकूर झाकून. तिथली चित्रं घेऊन आपली नवी गोष्ट करायलाही परवानगी आहे.

ऐसपैस | २५ नोव्हेंबर, रात्री ११.३०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो.

२००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या धनगरवाड्यावरच्या शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’चा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप, देवनागरी कळा, परदेशी पाहुणे, वर्तमानपत्रांत फोटो. पोरं खरंच रमली होती म्हणतात. पण देशपातळीवर ती योजना कधी आलीच नाही. यंत्र येतं, फोटो निघतो, मग चार्जर हरवतो.

आणि गुरुजी, डेटा कोणाच्या खिशातून? तुमच्याच ना? उद्या ह्याचा ‘उपक्रम’ होईल, मग माहिती भरायला वरून लिंक येईल, मग ‘आजच दुपारी चारपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याच्या लेखनाचे फोटो भरा’. तेव्हा आठवण काढा माझी.

खडूचा_डबा | २६ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

ऐसपैसराव, चार्जर ऑगस्टमध्येच हरवला. दुसरा माझाच आहे. डेटाही माझा. लिंकचं म्हणाल तर मी आमच्या शाळांच्या केंद्रात कुणाला सांगितलेलं नाही, इथेही टोपणनावाने आहे ते त्यासाठीच :)

फ्रेंच_लीव्ह | २६ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

‘कच्चा खर्डा, मग पक्कं, मग कुणीतरी वाचायचं’ ह्यावरून आठवलं. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा प्राथमिक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, वर्गात मोठ्याने फार वेळ बोलवत नसे. त्याने १९२४च्या सुमारास खेड्यातल्या शाळेत एक छोटं छपाई यंत्र आणून ठेवलं. मुलं फिरून यायची, पाहिलेलं लिहायची, कुठला मजकूर छापायचा ते वर्गात ठरायचं, मग एकेक खिळा (छपाईचं सुटं अक्षर) जुळवून छापायचं. छापलेली पानं दूर ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला टपालाने जायची, तिकडून त्यांची यायची. समुद्राकाठची पोरं मासेमारीचं लिहायची, ही डोंगरातली पोरं तिकडचे शब्द काय म्हणून विचारायची.

खिळे जुळवणं बोरूपेक्षाही मंद काम, तेव्हा बोरूबहाद्दर सरांचीही तक्रार नसावी. गुरुजी आणि जव्हारच्या बाई, तुम्ही दोघं पानं का देवाणघेवाण करत नाही? माणची पोरं वाघर सांगतील, जव्हारची त्यांचं काही.

जव्हारची_वाट | २६ नोव्हेंबर, दुपारी २.०५

मी तयार. गुरुजी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

बे_एरियातली_आई | २६ नोव्हेंबर, रात्री ११.५५

आमच्या इथे शनिवारी मराठी शाळा भरते, मी तिथे शिकवते. मुलांना मराठी बोलता येतं, लिहायचं म्हटलं की रोमन अक्षरांत. मी देवनागरीसाठी लिप्यंतराचा कळफलक दिला: इंग्रजी अक्षरांत ‘घरी’ लिहिलं की समोर देवनागरीत ‘घरी’ येतं. मुलं खूश, पालक खूश. सहा महिन्यांनी कागद-पेन्सिल दिली तर एकालाही वेलांटी कुठली ते सांगता येईना. यंत्रच ठरवत होतं ना! ऱ्हस्व-दीर्घ मुलांच्या डोक्यातून कधी गेलंच नव्हतं. पिवळ्या रंगाच्या कपड्यांचं वर्णन होतं, नऊ मुलांत सात प्रकारचं ‘पिवळं’.

आता काय करावं कळत नाही.

टंकिका | २७ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

ताई, इनस्क्रिप्ट! हा माझा आवडता विषय, थोडं सहन करा.

इनस्क्रिप्ट हा आपला सरकारी प्रमाण कळफलक, १९८६ पासूनचा. लोक त्याला घाबरतात, पण तो खरं म्हणजे वर्णमालेचा तक्ता आहे. डाव्या हाताला सगळे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मधल्या रांगेत ऱ्हस्व वेलांटी, तिच्या बरोबर वरच्या रांगेत दीर्घ. ऱ्हस्व उकाराच्या वर दीर्घ उकार. म्हणजे बोट वर गेलं की दीर्घ. उजवीकडे क दाबला की क, शिफ्ट धरून दाबला की ख. ग ला शिफ्ट दिली की घ, त ला दिली की थ. अल्पप्राण-महाप्राण बोटांना कळतात. पिवळं की पीवळं हे यंत्र ठरवत नाही, मुलालाच ठरवावं लागतं.

टॅबला साधा कीबोर्ड जोडायची छोटी वायर बाजारात मिळते. कळांवर देवनागरीची लेबलं चिकटवा. आणि हो, नेट लागत नाही.

शुद्धलेखन तपासनीसावर फार विसंबू नका. तो मराठीत आहे, पण आपल्या शब्दांना प्रत्ययांची शेपटं किती लागतात बघा: घर, घराजवळ, घराजवळचा, घराजवळच्यांनासुद्धा. बरोबर शब्दाखालीही लाल नागमोडी रेघ येते आणि मूल तो बिचारा बरोबर शब्द बदलून टाकतं.

माणगंगाकाठ | २७ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

मी त्याच भागातला, आता पुण्यात. बोरूबहाद्दर सरांच्या लाल शाईबद्दल बोलायचंय.

चौथीत मी ‘आमची शेरडं’ लिहिलं होतं. बाईंनी ‘शेरडं’ खोडून वर ‘शेळ्या’ लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, शेळ्या कुणाच्या रं? त्यानंतर मी शाळेत घरचं काही लिहिलं नाही, थेट इंजिनिअरिंगपर्यंत.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातले उतरवून घ्यायचे. १९५२ साली ते छापून आलं ते त्यांच्या लेवा बोलीत. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांना प्रमाण मराठी येत नव्हतं थोडंच! उतरवून घेताना त्यांनी लाल शाई वापरली असती तर आज आपल्याकडे काय असतं?

फलटण तर माणच्या शेजारचं. अमेरिकेतून येऊन तिथे शाळा उभी करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी पीएचडीच केली ती फलटणच्या बोलीवर. त्यांना जी अभ्यासाची वाटली ती आम्हाला खोडायची वाटते.

बोरूबहाद्दर | २७ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

शेरडांचं वाचून अस्वस्थ झालो. अशा किती शेळ्या मी केल्या असतील, मोजदाद नाही.

तरी बहिणाबाईंचा दाखला अर्धाच लागू पडतो. त्यांना अर्ज लिहायचा नव्हता. पोराला दोन्ही यायला हवं, हे माझं म्हणणं कायम आहे. एक तोडगा सुचवतो. माणसांच्या तोंडची वाक्यं अवतरणचिन्हांत, जशीच्या तशी. बाकीचं निवेदन प्रमाण भाषेत. चौथीला अवतरणचिन्हं अभ्यासक्रमात आहेतच, शिकवून होतील. आणि ‘वाघर’, ‘शेरडू’ हे शब्द चुकीचे नव्हेतच, त्यांना हात लावू नका. व्याकरण वेगळं, शब्दसंपत्ती वेगळी.

कंसातला_मजकूर | २८ नोव्हेंबर, रात्री ९.००

शिक्षणाच्या अभ्यासात असतो म्हणून एक भर. अमेरिकेत ग्रॅहम आणि पेरिन यांनी २००७मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले. संगणकावर लिहिण्याचा फायदा दिसला, मध्यम. त्याहून जास्त फायदा आराखडा करणं, परत वाचणं, बदलणं ह्या गोष्टी मुद्दाम शिकवण्याचा. सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम चक्क उणे. इंग्रजीवरचं काम आहे, जसंच्या तसं इकडे लावू नये. पण गुरुजींच्या वर्गात चार वेळा सुरुवात बदलणारी मुलगी त्यात नेमकी बसते.

एक सावधगिरी: मुलांची खरी नावं, फोटो, आवाज ऑनलाइन कुठेही टाकू नका. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुलांच्या बाबतीत पालकांची संमती मागतो. गुरुजी टोपणनाव वापरतायत ते उत्तमच.

निवांत_काकू | २८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

धागा वाचनखुणांत टाकला आहे. सोन्याचं पुढे काय झालं?

खडूचा_डबा | १३ डिसेंबर, रात्री ८.२०

उशिरा येतोय, मधे सर्वेक्षणाचं काम लागलं होतं.

बोरूबहाद्दर सर, तुमचा तोडगा दुसऱ्याच दिवशी करून पाहिला. जे माणूस बोललं ते ह्या दोन चिन्हांच्या मधे, तसंच्या तसं लिहायचं, असं फळ्यावर समजावलं. सोन्याने टॅब घेतला, गोष्टीच्या पहिल्या शब्दाआधी अवतरण उघडलं आणि शेवटच्या शब्दानंतर बंद केलं. म्हटलं, अरे हे काय? म्हणाला, ‘सगळं मीच बोललोय की.’

सर, आता तुम्हीच सांगा. मी ते तसंच ठेवलंय. बाकीच्या पोरांनी मात्र नीट केलं, आणि बकरीच्या गोष्टीत आजीची तीन वाक्यं अशी आलीत की आजी समोर उभी राहते.

टंकिका ताई, कीबोर्ड आणला. लेबलं पोरांनी चिकटवली, त्यात ‘ण’ उलटा लागलाय. ‘बोट वर गेलं की दीर्घ’ हे वर्गात म्हणीसारखं झालंय, आता फळ्यावर माझी वेलांटी चुकली तर मागून आवाज येतो, ‘गुर्जी, बोट वर.’ टॅबच्या शब्दकोशात आम्ही आमचे शब्द भरतोय: वाघर, शेरडू, कोकरू, तळ, बुजगावणं. बोलून लिहिताना त्याचा उपयोग होत नाही, अजूनही वाघच येतो. बोटाने लिहिताना मात्र ‘वाघ’ लिहिलं की वर ‘वाघर’ सुचवतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जव्हारच्या बाईंकडून सहा कार्डं टपालाने आली. त्यातला एक शब्द आम्हाला कुणालाच लागला नाही, पोरांनी त्याचं चित्र काढून ‘हे का?’ म्हणून परत पाठवलंय. उत्तराची वाट बघतोय.

सगळ्यांच्या गोष्टींची सोळा पानी पुस्तिका केली, दहिवडीत झेरॉक्स काढून आणल्या. ल पाकळीचा आहे. प्रत्येकाने आपापल्या घरी वाचून दाखवली. सोन्याचा बाप वाड्यावर, तो कसला येतो. मग सोन्याने माझ्या फोनवरून गोष्ट वाचून आवाज पाठवला. दोन दिवस काही नाही, तिकडे रेंज नसावी. तिसऱ्या दिवशी रात्री दहाला बापाचा उलटा आवाज आला, मागे मेंढरं ओरडतायत. सकाळी वर्गात लावला. ‘समदं बरूबर हाय. पर कोकरं तीन न्हवती, दोन नेली. तिसरं वढ्याला घावलं की सकाळी. तू झोपला हुतास.’

सोन्या काही बोलला नाही. खिडकीत जाऊन टॅब उघडला, ‘तीन’चं ‘दोन’ केलं. थोडा वेळ बसला. मग माइक न लावता, एकेक कळ शोधत, खाली एक ओळ वाढवली:

‘तिसरं सापडल्यालं मला कुणी सांगितलं नव्हतं.’

बोरूबहाद्दर | १४ डिसेंबर, सकाळी ६.१०

‘सापडल्यालं’ राहू द्या.

पुस्तिकेची एक प्रत मिळेल का? टपालखर्च देतो. पत्ता व्यनि करत आहे.

ऐसपैस | १४ डिसेंबर, सकाळी १०.५०

मलाही एक. आणि चार्जरचा मॉडेल नंबर कळवा गुरुजी, माझ्याकडे तीन-चार पडून आहेत.